आमच्या प्रयोगशाळेचं नाक

फोन आला तेव्हा मी धारवाडला होते. एका मुलाची पीएच.डी.ची तोंडी परीक्षा चालली होती आणि मी परीक्षक म्हणून समोर बसले होते. टेबलावर पालथा ठेवलेला फोन तीनदा थरथरला, तिन्हीदा मी तो बंद केला. चौथ्यांदा थरथरला तेव्हा चांगलं झापायच्या तयारीनंच व्हरांड्यात आले, कारण परीक्षेच्या वेळी मला फोन करायचा नाही हे माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांना बजावलेलं आहे. पलीकडं पल्लवी होती, माझ्याकडं संशोधन करणारी कंग्राळीची मुलगी. "मॅडम, आप्पा मागच्या खोलीत पडल्यात," ती म्हणाली. "पडलेत म्हणजे? पाय घसरला काय?" ती म्हणाली, "सडक्या अंड्याचा वास सुटलाय मॅडम, पार व्हरांड्यापर्यंत. कुणाला आत जाता येईना..." रसायनशास्त्र शिकवण्यात माझा जन्म गेला. त्या वाक्यानंतर विचारण्यासारखं काही उरत नाही. तरी मी विचारलं, तुम्ही त्यांना हाका मारल्या नाहीत का. "मारल्या की. बाहेर या, बाहेर या म्हणून ओरडत होतो. ते आतनं म्हणाले, 'आलो गं, एवढं आवरून येतो.' मग आवाजच यायचा थांबला." मी फोन ठेवला, आत गेले, त्या मुलाला शेवटचा प्रश्न विचारला आणि कागदावर सही केली. ते का केलं, हे मला आजही सांगता येत नाही. बेळगावला पोहोचले तोवर सगळं आटोपलेलं होतं.

याला आता पाच आठवडे झाले. मारुती आप्पा आमच्या कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागात परिचर होते. म्हणजे शिपाई म्हणा, हमाल म्हणा, मुकादम म्हणा, सगळं तेच. इथल्या वर्तमानपत्राच्या पुरवणीच्या संपादकांनी "आप्पांवर चार गोड शब्द लिहून द्या" असा निरोप धाडला तेव्हा मी आधी नाही म्हणाले. गोड लिहिणं मला जमत नाही, आणि आप्पांनाही ते मानवलं नसतं. पण मधल्या काळात माझ्या टेबलावर चौकशी समितीच्या अहवालाचा मसुदा येऊन पडला. तो इंग्रजीत आहे. त्यातल्या एका वाक्याचं मराठी असं होतं: दुर्गंधीची स्पष्ट सूचना मिळूनही सदर कर्मचारी खोलीबाहेर पडला नाही, सबब हा अपघात त्याच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळं घडला. त्याखाली प्रयोगशाळेची प्रमुख म्हणून माझी सही हवी होती. ते वाक्य खोटं आहे. समितीला ते माहीत नव्हतं, मला माहीत होतं. माझी सही पडली की आप्पा कायमचे निष्काळजी ठरणार, आणि नाही पडली तर ती का नाही पडली हे मला चारचौघांत सांगावं लागणार... तेव्हा हा लेख गोड नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आप्पा मूळचे निपाणीचे. तंबाखूच्या वखारीत त्यांची उमेदीची वर्षं गेली. तिथं त्यांचं काम काय, तर हुंगणं. शेतकऱ्यानं माल आणला की पोत्यात हात घालून मूठभर चुरा काढायचा, चिमटीत धरायचा, डोळे मिटायचे आणि सांगायचं: काळ्या रानातला आहे का तांबड्या, वजन वाढावं म्हणून पाणी मारलंय का, मागच्या सालचा जुना माल खाली दडवलाय का. वखारीत नुसतं पाऊल टाकलं तरी माझ्यासारखीला दहा शिंका येतात. आप्पा तिथं दिवसभर उभे राहून एकेका पोत्याचं गाव सांगायचे, असं त्यांच्या बरोबरीचे लोक अजून सांगतात. मालक आणि शेतकरी यांची जुंपली की दोघंही म्हणायचे, मारुतीला बोलवा. त्यानं सांगितलं की विषय संपला. पुढं वखारीचं काम मंदावलं. बायकोचं माहेर बेळगावजवळ पिरनवाडीला, तिकडं बिऱ्हाड हललं आणि कुणाच्या तरी ओळखीनं आप्पा आमच्या कॉलेजात चिकटले.

तेव्हा मीही नवीनच लागलेली होते आणि अंगात रग होती. निपाणीचा माणूस किती टिकतो ते बघू म्हणून पहिल्याच दिवशी मी त्यांच्यासमोर पिरिडीनच्या बाटलीचं झाकण सैल केलं. पिरिडीन म्हणजे दिसायला पाणी आणि वासाला सडका मासा. नवी मुलं तो वास आला की नाक दाबून पळतात. आप्पा पळाले नाहीत. बाटली तोंडाशी न नेता त्यांनी दुरूनच हातानं थोडा वारा नाकाकडं घेतला. असंच घ्यायचं असतं, आणि ते त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. मग डोळे मिटले आणि म्हणाले, "मॅडम, ह्यो तर आमच्या वखारीतला." मी म्हटलं, काहीतरीच काय सांगता. "व्हय की. विझल्याली चिलीम दुसऱ्या दिवशी हुंगून बगा, बुडाला ह्योच वास असतोय." मी चाट पडले. तंबाखूत जे निकोटीन असतं त्याच्या रेणूत हेच पिरिडीनचं कडं असतं, सहा कोपऱ्यांचं, पाच कोपरे कार्बनचे आणि एक नत्राचा. मी ते एम.एस्सी.ला पुस्तकातून पाठ केलं होतं, या माणसानं नाकानं ओळखलं. फळ्यावर ते कडं काढून दाखवलं तेव्हा बराच वेळ बघत राहिले. "म्हंजे जलमभर आमी हेच हुंगत आलो म्हणा," एवढंच बोलले. त्या दिवसापासून ते मला मॅडम म्हणायचे, पण वागायचे थोरल्या भावासारखे. डबा आणला नाही तर माझ्यावर चिडायचे.

आमच्या प्रयोगशाळेत काय चालतं ते थोडं सांगायला हवं. पिरिडीनच्या त्या कड्याला गंधक आणि नत्र असलेली शेपटं जोडून नवीन संयुगं तयार करायची, हे आमचं काम. त्यातली काही पिकावरच्या बुरशीला मारतात, काही जंतूंना. ते मग दुसरीकडं तपासलं जातं. पुष्कळ करावीत तेव्हा एखादं कामाचं निघतं. स्पिरिटात तासन् तास उकळत ठेवायचं, थंड करायचं आणि फ्लास्कच्या तळाशी पिवळे स्फटिक कधी उतरतात त्याची वाट बघत बसायचं. उतरले की हळदीच्या रंगाच्या बारीक सुया दिसतात, आणि इतक्या वर्षांनीही मला ते बघून आनंद होतो. वास मात्र विचारू नका. कुजका लसूण, सडका कोबी, नासकं अंडं, सगळं एका खोलीत. कपड्यात शिरतो, केसात शिरतो, डब्यातल्या भाकरीत शिरतो. आप्पा पिरनवाडीच्या बसमध्ये चढले की शेजारची जागा रिकामीच राहायची. "ती माझ्या नावावर लिवल्याली हाय," म्हणायचे. त्यांची बायको शांताक्का त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची आणि परसात वेगळ्या दोरीवर वाळत घालायची. धूर ओढून घेणारं एक कपाट आमच्याकडं आहे, त्याला आम्ही हूड म्हणतो. त्याचा पंखा कधी ओढायचा, कधी नुसताच कुरकुरत फिरायचा. मी त्याच्या तक्रारी लिहिल्या. खरं सांगायचं तर थोड्याच लिहिल्या.

आणि आता ती सवय सांगते, जी आमच्या हातून कधी सुटली नाही. मुलं काम संपवून जाताना उरलेसुरले फ्लास्क बेसिनजवळच्या ओट्यावर ओळीनं ठेवून जायची. लेबल नाही, नाव नाही, काही नाही. नियमानं प्रत्येकावर आत काय आहे ते लिहायला हवं. पण आप्पा असताना लिहितंय कोण? आप्पा संध्याकाळी यायचे, एकेक फ्लास्क उचलायचे, हातानं वारा घ्यायचे आणि मागच्या खोलीतल्या तीन कॅनपैकी बरोबर कॅनमध्ये ओतायचे. एक आम्लांचा, एक गंधकवाल्यांचा, एक स्पिरिट वगैरेंचा. आम्लाचा आणि गंधकाचा कॅन खोलीच्या दोन टोकांना ठेवलेले, कारण ते एकमेकांत मिसळले तर जो वायू सुटतो तो माणसाला उभ्या जागी आडवा करतो. हे विभागात सगळ्यांना माहीत होतं आणि आप्पांना सगळ्यांत जास्त. वर्षानुवर्षं एकदाही चूक झाली नाही. एखादं संयुग शुद्ध झालं का, हे बघायलासुद्धा मुलं आधी त्यांच्याकडं जायची. "मागं अजून थोडं ऱ्हायलंय, परत एकदा धू गं," म्हणायचे, आणि मशीनवर तपासलं की खरोखरच थोडं राहिलेलं असायचं. बाहेरगावचे प्राध्यापक आले की मी मुद्दाम आप्पांना हाक मारायचे. असलं यंत्र तुमच्याकडं नाही, म्हणून मिरवायचे. मुलांच्या थिसिसमध्ये आप्पांचे आभार शेवटच्या ओळीत असतात, आणि ते तिथं का, हे मी कधी कुणाला विचारलं नाही.

गेल्या वर्षी कधीतरी काहीतरी बदललं. खंडेनवमीला आम्ही प्रयोगशाळेतल्या उपकरणांची पूजा करतो. आप्पांनी उदबत्त्या खोचल्या, हात जोडले आणि म्हणाले, "औंदाच्या उदबत्तीला लई झकास वास हाय." उदबत्त्या पेटवायच्याच राहिल्या होत्या. मुलं हसली, आप्पा हसले, मीही हसले. मग एकदा चहाचं दूध पातेल्यात करपून काळं झालं आणि आप्पा शेजारी उभे राहून कपबशा पुसत होते. तेही आम्ही हसण्यावारी नेलं. त्यानंतर ते ओट्यावरचे फ्लास्क घेऊन माझ्या टेबलाशी यायला लागले. "मॅडम, ह्ये जरा बगा बरं," म्हणायचे आणि फ्लास्क माझ्यापुढं धरून उभे राहायचे. मला वाटलं, वय झालं, मान देतायत. पण ते फ्लास्ककडं बघत नव्हते. ते माझ्या तोंडाकडं बघत होते.

ते बघणं मी लहानपणापासून ओळखते. आम्ही वडगावचे मागवाले. घरातच यंत्रमाग, दिवसभर त्यांचा खडखडाट, आणि त्या खडखडाटात माझ्या बाबांचे कान गेले. कधी गेले ते आम्हालाही कळलं नाही, कारण बाबांनी कळू दिलं नाही. समोरच्याच्या ओठांवरून ते बोलणं ताडायचे आणि मान अशी हलवायचे की सगळं ऐकू येतंय असं वाटावं. आम्हाला कळलं तेव्हा घरात कुणी त्याचा शब्द काढला नाही. आम्ही पोरं नुसती बाबांच्या समोर जाऊन, तोंड उजेडाकडं करून बोलायला शिकलो. साडीचे व्यापारी आले की त्यांचं वाक्य आई बाबांकडं तोंड करून पुन्हा एकदा बोलायची, सहज बोलल्यासारखी. ज्याचं जे गेलं ते आपण झाकायचं, यालाच आमच्या घरात माया म्हणायचे. तर आप्पा माझ्या तोंडाकडं का बघतात, हे तिसऱ्या-चौथ्या दिवशी माझ्या ध्यानात आलं. माझं नाक आक्रसलं की ते गंधकाच्या कॅनकडं वळायचे. मी खोकून मान मागं घेतली की आम्लाच्या. आप्पांना वास येत नव्हता. अजिबात येत नव्हता.

तेव्हा काय करायला हवं होतं ते शाळेतलं पोरही सांगेल. दार लावून विचारायचं, डॉक्टरकडं न्यायचं, त्याच दिवसापासून लेबलाशिवाय फ्लास्क ओट्यावर दिसला तर काम बंद पाडायचं. मी काय केलं? मी तोंड जास्त वेडंवाकडं करायला लागले. गंधक असलं की "शी, काय हे" असं मोठ्यानं म्हणायचे, आम्ल असलं की मुद्दाम खोकायचे. "व्हय, मला बी तसंच वाटलं," आप्पा म्हणायचे आणि मागच्या खोलीकडं जायचे. असं वर्षभर चाललं. मला ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक होतं का? मला वाटतं, होतं. लेबलांची सूचना मी एकदा लावलीसुद्धा. मुलं म्हणाली, आप्पा असताना कशाला? त्याचं उत्तर द्यायचं तर आप्पांचं गुपित फोडावं लागलं असतं, आणि ज्या माणसाला लोक नाकामुळं ओळखतात त्याचं नाकच गेलं, हे बोलायला माझी जीभ रेटेना. त्यांच्या निवृत्तीला थोडेच महिने राहिले होते. तेवढे निघतील, असं मी धरून चालले.

ते निघणार नाहीत, हे मला एकदा स्पष्ट दिसलं होतं. जुन्या कपाटातल्या कुठल्याशा बाटलीचं बूच ढिलं झालं आणि दोन खोल्या सोडून बसणारे गणिताचे सर नाकाला रुमाल लावून भांडायला आले. मी धावत गेले तर आप्पा त्याच कपाटाला पाठ लावून डबा खात बसले होते. शांतपणे, एकेक घास. माझं तोंड बघून त्यांनी हातातला घास खाली ठेवला आणि उठले. त्या दिवशी मला खरंच भीती वाटली. घरी गेले, जेवले नाही, उद्या बोलायचंच असं ठरवलं. आणि दुसऱ्या दिवशी ते नेहमीसारखे हसत आले, माझ्या टेबलावरची धूळ पुसली, आणि मी बोलले नाही.

धारवाडला जायच्या आदल्या दिवशी मी त्यांना म्हटलं, "आप्पा, उद्या मी नाही. ओट्यावरचं काही हलवू नका. परवा बघू." का, ते मी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. "बरं," म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी ओटा भरून गेला, प्राचार्य फेरी मारणार असं कुणीतरी म्हणालं, आणि मुलं त्यांच्या मागं लागली, आप्पा, एवढं हलवा की. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. आप्पांनी फ्लास्क उचलले. त्यातला एक घेऊन ते पल्लवीजवळ गेले होते, "ह्ये जरा बग बरं" म्हणून. ती कामात होती आणि तिनं मास्क लावला होता. तिच्या तोंडावरचं काही दिसण्यासारखं नव्हतं. "ठेवा आप्पा, नंतर बघते," ती म्हणाली. आप्पा थोडा वेळ तिथंच उभे राहिले म्हणे, मग मागच्या खोलीत गेले. आम्ल गंधकाच्या कॅनमध्ये पडलं. त्या खोलीची एकुलती एक खिडकी पावसानं फुगून बसलेली, ती उघडत नव्हती. व्हरांड्यातल्या मुलांना वास आला, ती पळाली, ओरडली. आप्पांना वाटलं असणार, पोरं घाई करतायत. त्यांच्या लेखी तिथं काहीच झालेलं नव्हतं.

पुढं जे व्हायचं ते झालं. मागच्या खोलीला सील लागलं, प्रयोगशाळा दोन आठवडे बंद राहिली आणि मग उघडली, कारण मुलांच्या थिसिसच्या तारखा थांबत नाहीत. समितीचे अध्यक्ष भले गृहस्थ आहेत. मसुदा माझ्यापुढं सरकवून ते कानडीत म्हणाले, "सही माडी मॅडम, मुगीतु." सही करा, संपलं. विभागातले एक जण म्हणाले, गेलेल्या माणसाचं आता काय जाणार आहे, जिवंत माणसांचा विचार करा. मला त्यांचा राग आला, आणि लगेच कळलं की राग यायचं कारण म्हणजे मीही तोच विचार करत होते. कागद पर्समध्ये घातला आणि पिरनवाडीला गेले.

शांताक्का घरापुढच्या सोप्यात बसून सुपात तांदूळ निवडत होती. मी पाणी प्याले आणि एकदम बोलून टाकलं. "शांताक्का, आप्पांना वास येत नव्हता. मला वर्षभर माहीत होतं." तिचे हात थांबले नाहीत. "मला बी ठावं हुतं की," ती म्हणाली. "आमटी करपली तरी गुमान खाऊन उठायचे. म्या इचारलं तवा आदी चिडले, मग रडले. मला शपथ घातली, मॅडमास्नी सांगायचं न्हाय." मी विचारलं, मी कामावरून काढीन म्हणून? "न्हाय वो." आता तिनं वर बघितलं. "तुमी तसल्या न्हाईसा, असंच म्हणायचे. ते म्हणायचे, माझं नाक त्या बाटल्यांनीच खाल्लंय. मॅडमास्नी कळलं तर मला बाजूला बसवत्याल आन् त्या पोरीस्नी हुंगाय लावत्याल. तितं हुंगणारं कोन तरी लागतंयच. माझं तर गेलंच हाय, हाय तवर मीच हुंगतो, म्हणायचे." वर्षभर मी समजत होते की मी त्यांना सांभाळून घेते आहे... आणि हा माणूस माझ्यापासून माझी मुलं सांभाळत होता. मला लाज वाटली. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी निघाले तेव्हा ती दारापर्यंत आली. "लिवून द्या तुमी," म्हणाली. "वास येत न्हवता म्हणूनच लिवा. दुसरं कायबी लिवू नगासा."

रविवारी बसून मी निवेदन लिहून काढलं. आप्पांचं नाक, माझं गप्प बसणं, लेबलं, पंखा, खिडकी, सगळं. सोमवारी सकाळी समितीपुढं जायचं होतं. निघायच्या गडबडीत प्रयोगशाळेत डोकावले, पल्लवी भेटली. "त्या जुन्या कपाटातल्या बाटल्यांची यादी करून ठेव गं, समितीला लागणार आहे," असं तिला सांगितलं आणि पळाले. समितीपुढं मी उभी राहून म्हटलं, मला माहीत होतं. अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं. मग ते म्हणाले, आप्पांवरचं वाक्य आम्ही काढतो, पण मग मॅडम, वेगळा अहवाल होईल आणि तो तुमच्यावर होईल. मी म्हटलं, होऊ दे. बाहेर पडले आणि रिक्षा न करता चालत निघाले. पाच आठवड्यांत पहिल्यांदा छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटत होतं. खोटं कशाला बोलू, कॉलेजच्या पायऱ्या चढेपर्यंत मी स्वतःवर जरा खूशच होते.

वर आले तर कपाट सताड उघडं होतं. आप्पा एकेक बाटली ओळखत होते, त्यामुळं त्या कपाटातल्या कुठल्याच बाटलीवर काही लिहिलेलं नाही, हे सकाळी माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पल्लवी स्टुलावर बसली होती, मांडीवर वही. एकेक बाटली उघडत होती, सरळ नाकाशी धरत होती आणि लिहीत होती. हूडचा पंखा बंद होता. मी म्हटलं, "हुंगायला कुणी सांगितलं तुला?" ती गोंधळून माझ्याकडं बघायला लागली. "मग यादी कशी करायची मॅडम? लेबलं कुठं आहेत?" मी तिच्या मांडीवरची वही उचलली. पहिल्या पानावर नीट अक्षरात लिहिलेलं होतं: गंधक, कुजका लसूण. आम्ल, नाकाला झोंबतंय. स्पिरिटसारखं. दुसऱ्या पानावर शब्द कमी होत गेले होते. तिसऱ्या पानावर वरपासून खालपर्यंत एकच नोंद होती: वास नाही. वास नाही. वास नाही. तिनं हातातली उघडी बाटली माझ्यापुढं केली. "हिला पण काहीच वास नाही, मॅडम. पाणीच असेल. ओतून टाकू?"

त्या बाटलीचा वास मला जिन्यापासून येत होता.